एकच वाट, दोन वाटसरू : सायनोबॅक्टेरियातील इलेक्ट्रॉन-वाहकांचा इतिहास

अलाहाबाद विद्यापीठात शिकलेले गोविंदजी १९५६ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रॉबर्ट एमर्सन यांचे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. एमर्सन यांच्यापुढे एक जुने कोडे होते. सुमारे ६८० नॅनोमीटरपलीकडचा गडद तांबडा प्रकाश क्लोरोफिल शोषून घेते. तरीही त्या प्रकाशात प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता कोसळते. १९५७ मध्ये एमर्सन यांनी दाखवले, की जोडीला कमी तरंगलांबीचा प्रकाश दिला, तर एकत्रित परिणाम दोन्ही प्रकाशांच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेहून अधिक भरतो. म्हणजे प्रकाशयंत्रणा एक नसून दोन असाव्यात. १९५९ मध्ये विमान अपघातात एमर्सन यांचे निधन झाले. गोविंदजींनी युजीन रॅबिनोविच यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन पूर्ण करून १९६० मध्ये डॉक्टरेट मिळवली.

यंत्रणा दोन असतील, तर त्यांना जोडणारा दुवा कोणता? १९६० मध्येच इंग्लंडमध्ये रॉबिन हिल आणि फे बेंडल यांनी दोन्ही प्रकाशक्रियांच्या मधोमध सायटोक्रोम ही लोहयुक्त प्रथिने ठेवणारा आराखडा मांडला. त्याच वर्षी जपानच्या साकाए कातो यांनी क्लोरेला या शैवालातून तांबे असलेले एक नवे प्रथिन वेगळे केले. तेच पुढे प्लास्टोसायनिन म्हणून ओळखले गेले. सायटोक्रोम बी६एफ संकुलाकडून इलेक्ट्रॉन घेऊन तो पहिल्या प्रकाशयंत्रणेला पोहोचवणे, हे त्याचे काम.

हरितलवकांचे पूर्वज असलेल्या सायनोबॅक्टेरियात या दुव्यावर दुहेरी भार आहे. वनस्पतींमध्ये प्रकाशसंश्लेषण हरितलवकात, तर श्वसन प्रामुख्याने तंतुकणिकेत चालते. सायनोबॅक्टेरियाच्या थायलाकॉइड पटलात मात्र दोन्ही क्रिया शेजारी नांदतात आणि प्लास्टोक्विनोन, बी६एफ संकुल व त्यापुढचा छोटा वाहक त्यांना सामाईक असतो. उजेडात इलेक्ट्रॉन पाण्यापासून निघून पहिल्या प्रकाशयंत्रणेकडे जातो. अंधारात साठवलेल्या अन्नातून निघालेला इलेक्ट्रॉन त्याच वाटेने येतो आणि शेवटी ऑक्सिडेज विकराकडे वळून ऑक्सिजनला मिळतो.

हा छोटा वाहकही एकच नाही. सिनेकोसिस्टिससारख्या अनेक जाती तांबे उपलब्ध असताना प्लास्टोसायनिन वापरतात. तांब्याची चणचण भासली, की लोहयुक्त सायटोक्रोम सी६ तयार करतात. या अदलाबदलीमागे पृथ्वीचा इतिहास असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आदिम समुद्रात विरघळलेले लोह विपुल होते. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरियानेच सोडलेला ऑक्सिजन वातावरणात साचू लागला. त्याने पाण्यातील लोह गंजून तळाशी बसू लागले. तांबे मात्र अधिक सुलभ झाले.

स्वतःच्याच श्रमाने ज्यांनी आपले लोह दुर्मीळ केले, त्या जीवांना तांब्याने पर्याय दिला. १९९६ मध्ये जपानमधील काझुसा संस्थेने सिनेकोसिस्टिसचा संपूर्ण जनुकसंच वाचला. त्यात दोन्ही वाहकांची जनुके आहेत. नवे साधन हाती आल्यावरही या जीवाने जुने टाकून दिलेले नाही.