तीन शिक्क्यांची जीप

गेल्या मे महिन्यात पुण्याहून एक गृहस्थ आमची जीप बघायला खानापूरला आले होते. जुन्या लष्करी गाड्या जमवायचा त्यांना नाद. चहा मागाहून, आधी गाडी दाखवा म्हणाले. गोठ्याच्या पडवीत उभ्या असलेल्या जीपखाली त्यांनी पोतं अंथरलं, हातात बॅटरी घेतली आणि चांगला पाऊण तास उताणे पडून राहिले. बाहेर आले तेव्हा कपाळाला ग्रीस लागलं होतं नि चेहरा फुलला होता. "फोर्ड आहे! बोल्टांवर एफ आहे," म्हणाले.

आम्हांला ते ठाऊक होतं. काकांनी ते बोल्ट मला लहानपणीच दाखवले होते. इंग्रजी मुळाक्षरांतलं मला पहिलं ओळखता आलेलं अक्षर ए नव्हे, एफ.

मग पाहुण्यांनी बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आत डिझेल इंजिन, बॅटरी बारा व्होल्टची, वायरिंग सगळं नवं. "अहो, ओरिजिनल ठेवायला काय झालं होतं तुम्हांला?" ते कळवळून म्हणाले. त्यांच्या प्रश्नाला पडवीत उभ्याउभ्या उत्तर देण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

ओरिजिनल म्हणजे मूळची. तर मुळापासूनच सुरुवात करू. १९४० च्या जुलैत अमेरिकन लष्कराने मोटारी बनवणाऱ्या १३५ कंपन्यांना पत्रं धाडली : चारही चाकांना जोर लागेल अशी हलकी गाडी हवी आणि तिचा पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. फ्रान्स नुकताच पडला होता, घाई समजण्यासारखी होती. मुदतीत नमुना देण्याची हिंमत केली ती पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने. कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनिअरने थोड्याच दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबरला गाडी लष्कराच्या तळावर हजर झाली. पण बँटमच्या कारखान्याच्या आवाक्याबाहेरचं ते काम होतं. लष्कराने तिचे आराखडे विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांना दाखवले आणि पुढचं मोठं काम विलिसला मिळालं. कल्पना एकाची, कंत्राट दुसऱ्याला. आपल्याकडेही हे काही नवं नाही.

विलिसचं इंजिन साठ अश्वशक्तीचं, तिघांत जोरकस; पण त्यांची गाडी वजनाला जड भरली. तेव्हा त्यांचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांनी गाडीचा सुटा सुटा भाग वजन करून तासला. बोल्ट आखूड केले, रंगाचे थरसुद्धा हिशेबात धरले असं सांगतात. पुढे मागणी एवढी वाढली की विलिसच्या आराखड्यावरून फोर्डनेही जीपा बनवल्या, आणि आपला माल ओळखू यावा म्हणून बोल्टांवर एफ ठोकला. युद्धभरात दोघांनी मिळून सुमारे ६,४०,००० जीपा काढल्या. जिला आज जीपचा चेहरा म्हणतात ती उभ्या फटींची पत्र्याची जाळीही फोर्डची. विलिस आधी लोखंडी पट्ट्या जोडून ती करीत असे. म्हणजे जन्मतःच ही गाडी तीन घरची. ‘जीप’ या नावाचाही घोळच आहे. कोणी म्हणतात ते फोर्डच्या ‘जीपी’ या खुणेवरून आलं, कोणी म्हणतात १९३६ साली पॉपायच्या चित्रमालिकेत आलेल्या ‘जीप’ या विचित्र प्राण्यावरून.

आमचे काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते. पलटणीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे आमच्या तालुक्यात घराआड एक फौजी. काका आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत होते. सांग्रो नदीपासून सेनिओ नदीपर्यंत चिखल, डोंगर आणि पाडलेले पूल. तिथे सामान वाहायला दोनच विश्वासाची जनावरं, असं ते म्हणत : खेचर आणि जीप. त्यांतलं खेचर घरी आणता येणार नव्हतं.

युद्ध संपल्यावर अमेरिकन फौजांनी हिंदुस्थानात मागे ठेवलेला माल सरकारने विकायला काढला. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द त्या काळी घरोघरी झाला होता. तंबू, बूट, डबे, कांबळी आणि जीपा. १९४९ साली पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडून काकांनी ही जीप घेतली. त्यासाठी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन म्हशी विकल्या. घरात तीन महिने काळा चहा होता असं आई सांगायची, आणि सांगताना तेवढ्या वर्षांनंतरही तिचा आवाज बदलायचा.

याच सुमारास जुन्या जीपांनी देशाची झोप उडवली होती. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्यामार्फत दोन हजार जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपांचा करार झाला. हाती आल्या १५५, आणि त्याही लष्कराने बिनकामाच्या ठरवल्या. स्वतंत्र भारतातलं हे पहिलं गाजलेलं प्रकरण १९५५ साली सरकारने मिटलं म्हणून जाहीर केलं. आप्पा काकांना चिडवत, "मेननसाहेबांपेक्षा तुझा सौदा बरा."

नव्या जीपांची कथा वेगळी. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियान्यात ‘महिंद्र अँड महंमद’ नावाची पोलादाच्या व्यापाराची कंपनी निघाली. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्र बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम महंमद. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली तिथले गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ करण्यात आलं. आद्याक्षरं तीच राहिली. कैलासचंद्र युद्धकाळात सरकारी पुरवठ्याच्या कामासाठी अमेरिकेत होते. जीप त्यांनी तिथेच पाहिली. मग विलिसचे सुटे भाग बोटीने आणून माझगावात जीपा जुळवायला सुरुवात झाली आणि हळूहळू एकेक भाग इथेच बनू लागला. १९५३ साली अमेरिकेत उंच नाकाचं मॉडेल आलं; नव्या इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेट उचलावं लागलं होतं, एवढंच. अमेरिकेने ते १९६८ साली बंद केलं. आपल्याकडे मात्र तोच उंच चेहरा पुढे कितीतरी वर्षं निघत राहिला. मामलेदार, रेंजर, फौजदार, निवडणुकीचा भोंगा, सगळे त्याच चेहऱ्याच्या गाडीतून आले.

डिसेंबर १९६१ मध्ये मी नऊ वर्षांचा होतो. गोव्याच्या मोहिमेची फौज बेळगावात जमली होती आणि आमच्या घरावरून लोंढा, अनमोडच्या दिशेने रात्रंदिवस गाड्या जात होत्या. काका ओट्यावर बसून जीपा मोजत. "हे उंच नाक, मुंबईचं. हे बसकं नाक, आपल्या जातीचं." पोर्तुगीजांनी माघार घेताना पूल उडवले हे कळल्यावर ते शांतपणे म्हणाले, "पूल नाही तर नाही. त्यासाठीच तर गाडी केलीय." १९ डिसेंबरला पणजी मोकळी झाली. गावात साखर वाटली. काकांनी त्या दिवशी जीप धुतली.

आता पुण्याच्या पाहुण्यांच्या प्रश्नाकडे येतो. एकेक बदल सांगतो.

मूळ गाडीची वीज सहा व्होल्टची. जुलै १९६४, कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा पडतो हे तिकडच्यांना सांगायला नको. रात्री नऊच्या सुमाराला आमच्या वाटेकऱ्याच्या अकरा वर्षांच्या मुलाला साप चावला. त्याला मागच्या बाकावर झोपवलं. स्टार्टर नुसता कण्हला. काकांनी हँडल मारलं, आप्पांनी मारलं, वाटेकऱ्याने स्वतः मारलं. ओलीने डिस्ट्रिब्युटर भिजला होता आणि बॅटरीत दम नव्हता. चुलीवर तापवलेल्या फडक्याने सगळं पुसून पुन्हा प्रयत्न केला. शेवटी बैलगाडी जुंपली. पोर खानापूर येण्याआधी गेलं. काका आठ दिवस जेवणापुरतं बोलत होते. नवव्या दिवशी बेळगावला जाऊन बारा व्होल्टचं सामान घेऊन आले. जीपचा हा पहिला बदल.

त्या बारा व्होल्टांचा उपयोग पुष्कळदा झाला. १९६७ च्या पावसाळ्यातली एक फेरी मला लख्ख आठवते, कारण कंदील धरायला मला नेलं होतं. अडलेली बाई, तिची सासू, काका आणि मी. वाटेत ओढा भरून वाहत होता. काका खाली उतरले, हातातल्या काठीने पाणी मापलं, मग फॅनचा पट्टा काढून खिशात घातला. पट्टा ठेवला तर पंखा पाणी उडवून इंजिन भिजवतो, हे इटलीतलं शिक्षण. डिस्ट्रिब्युटरला ग्रीस फासून वर गोणपाट बांधलं. जीपला तीन दांडे असतात : एक नेहमीच्या गिअरचा, दुसरा पुढच्या चाकांना जोर जोडायचा, तिसरा हलक्या-भारी गतीचा. तो तिसरा दांडा टाकला की वेग निम्मा आणि ओढ दुप्पट. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखालीच, त्यामुळे काका म्हणत, जीप चालवणारा माणूस कधी विडी ओढताना दिसला तर ओळखावं की नवशिका आहे. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे रस्त्याची कड थेट चालवणाऱ्याच्या पायाखाली दिसते. शहरात ते गैरसोयीचं, पण त्या रात्री वाहून गेलेली कड काकांना त्यामुळेच दिसली. पाणी फळीवरून आत आलं. सासूबाई माउलीचं नाव घेत होत्या, काका इंजिनाशी बोलत होते. पलीकडे निघालो. मुलगी जांबोटीच्या अलीकडे जीपमध्येच झाली. ती आता हुबळीला असते, आजी झाली आहे. आमच्याकडे आली की आधी पडवीत जाते.

दुसरा बदल इंजिनाचा. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलचा भाव असा चढला की लिटरमागे आठ-नऊ किलोमीटर जाणारी गाडी पोसणं म्हणजे दारी हत्ती बांधणं. अनेकांनी त्या काळात जीपा भंगारात घातल्या. १९८३ मध्ये काका गेले आणि आमची जीप सहा वर्षं उभीच राहिली. १९८९ साली बेळगावच्या मेस्त्रींनी अपघातात मोडलेल्या एका महिंद्र जीपचं डिझेल इंजिन आणलं. फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या परवान्याखाली ही इंजिनं आपल्याकडे होत. जुन्या गिअरबॉक्सला नवं इंजिन जोडायची प्लेट उद्यमबागेतल्या एका लेथवर कातून घेतली. मेस्त्री कन्नडभाषक, माझ्याशी मराठीत बोलत, हाताखालच्या पोराशी कन्नडात आणि इंजिनाशी शिव्यांत. "सावकार, माप फोर्डचं, इंजिन फ्रान्सचं, प्लेट आमची. चालते बघा," म्हणाले. चालली. हूड शहापूरच्या शिंप्याने ताडपत्रीचं शिवलं. पाटे मोडले तेव्हा लोहाराने ट्रकच्या पाट्यांतून कापून दिले.

गाडीच्या नोंदणीपुस्तकात तीन राज्यांचे शिक्के आहेत. पहिला मुंबई राज्याचा, १९५६ नंतरचा म्हैसूरचा, १९७३ नंतरचा कर्नाटकाचा. जीप याच पडवीत उभी होती. शिक्क्यावरची लिपी बदलली तेव्हा आप्पा फार चिडले होते. काकांनी काही न बोलता चाकातली हवा तपासायला घेतली. प्रत्येकाची चिडण्याची रीत वेगळी.

पुढे मारुतीची जिप्सी आली, चालवायला मऊ आणि वजनाला हलकी. लष्कराकडून लिलावात निघालेल्या जबलपूरच्या जोंगा आल्या. त्यांचं पेट्रोल पिणं बघून आमची जीप उपाशी वाटावी. २०१० साली थार आली, २०२० मध्ये तिची नवी आवृत्ती. माझ्या नातवाला ती हवी आहे. त्याला काँक्रीटवर चालवायची आहे, पण माझी तक्रार नाही. चोर्ल्याच्या घाटातून आता बसही जाते. ओढ्यावर पूल झाला त्याला कितीतरी वर्षं झाली, आणि जीपचं काम तिथेच संपलं.

पाहुण्यांनी जाताना नियम समजावून सांगितला. २०२१ पासून केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी ठेवली आहे. वीस हजार रुपये भरायचे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. त्यांच्या ओळखीच्या एकाकडे युद्धकाळातलं पेट्रोल इंजिन आहे. सगळं पूर्ववत करतो, म्हणाले. डिझेल इंजिन काढायचं, लोहाराचे पाटे काढायचे, वायरिंग सहा व्होल्टवर न्यायचं. किंमतही चांगली सांगितली. मुलगा म्हणतो, देऊन टाका बाबा, गोठा मोकळा होईल.

बाकी सगळं मी ऐकून घेतलं. सहा व्होल्टचं ऐकल्यावर मात्र मी त्यांना वाटेकऱ्याच्या मुलाबद्दल सांगितलं. ते गप्प झाले. सज्जन माणूस. मग म्हणाले, "बारा व्होल्ट राहू दे तर. कोणाला कळणार आहे?" मी विचार करून कळवतो म्हणालो.

दसऱ्याला मेस्त्रींचा नातू आला होता. पूजा झाल्यावर त्याने बॅटरी लावली, दोन प्रयत्नांत इंजिन लागलं. विहिरीपर्यंत जाऊन आलो. वाटेकऱ्याचा धाकटा मुलगा, तोही आता सत्तरीला आला, मागच्या बाकावर बसला होता. पाहुण्यांना अजून पत्र लिहिलेलं नाही.