ड्रिफ्टिंग म्हणजे नेमकं काय? आणि वणीच्या घाटात जाणाऱ्या गाडीला कोणते पार्ट लावावेत?

घाटातलं वळण, टायरचा कर्कश आवाज, पांढरा धूर आणि आडवी होऊन घसरत जाणारी गाडी. असं रील पाहिलं की दोन प्रश्न हमखास पडतात. आपली गाडी असं करू शकेल का? आणि त्यासाठी गाडीला काय काय बसवावं लागतं?

नाशिकहून दिंडोरीमार्गे वणी, पुढे नांदुरी आणि तिथून सप्तशृंगी गडाचा सुमारे १० किलोमीटरचा घाट. वणीवरूनच सापुताऱ्यालाही रस्ता जातो. त्यामुळे वळणं, चढ-उतार आणि गाडीची हौस या तिन्ही गोष्टी या भागाला नवीन नाहीत. म्हणूनच हे दोन्ही प्रश्न याच रस्त्यावर ठेवून समजून घेऊ.

ड्रिफ्टिंग म्हणजे काय?

वळण घेताना गाडीच्या मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवायची, गाडी आडवी होऊ द्यायची आणि स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवून, ॲक्सिलरेटर कमी-जास्त करत ती घसरण ताब्यात ठेवायची. याला ड्रिफ्टिंग म्हणतात. गाडी डावीकडे वळत असते आणि पुढची चाकं मात्र उजवीकडे वळलेली दिसतात, ते याच कारणाने.

याचं माहेर जपान. रेसर कुनिमित्सू ताकाहाशी यांनी १९७० च्या दशकात ट्रॅकवर ही पद्धत वापरली. केइची त्सुचिया यांनी ती जपानच्या घाटरस्त्यांवर घोटली आणि लोकप्रिय केली. त्यांना 'ड्रिफ्ट किंग' म्हणतात. त्यांच्यामुळे टोयोटाची 'एई ८६' ही साधी, हलकी, मागच्या चाकांवर चालणारी गाडीही प्रसिद्ध झाली. पुढे 'डी-वन ग्रां प्री' ही स्पर्धा सुरू झाली आणि २००६ च्या 'टोकियो ड्रिफ्ट' चित्रपटाने हा प्रकार जगभर पोहोचवला.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. डांबरी रस्त्यावर ड्रिफ्ट करणारी गाडी पकड ठेवून वळणाऱ्या गाडीपेक्षा हळू जाते. म्हणूनच ड्रिफ्टिंगच्या स्पर्धेत आधी कोण पोहोचलं याला गुण नसतात. गाडीचा कोन, तिने पकडलेली रेषा आणि सफाई यांना गुण असतात. म्हणजे हा कसरतीचा खेळ आहे, वेगाने पोहोचायची युक्ती नव्हे.

गाडी घसरते कशी?

गाडी रस्त्याला फक्त चार ठिकाणी टेकते आणि प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. ब्रेक लावणं, वेग वाढवणं आणि वळणं ही तिन्ही कामं या चार तळहातांनाच करायची असतात. पकड म्हणजे खिशातले ठरलेले पैसे समजा. निम्म्याहून जास्त ब्रेकवर खर्च केले, तर वळायला कमी उरतात.

पुढच्या टायरची पकड आधी सुटली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. याला अंडरस्टीअर म्हणतात. मागच्या टायरची आधी सुटली तर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. हा ओव्हरस्टीअर. ड्रिफ्टिंग म्हणजे ताब्यात ठेवलेला ओव्हरस्टीअर.

वळणात मध्येच घाबरून ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपटी सुटू शकते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी लावायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा.

तरीही गाडी घसरलीच तर? पुढचा भाग सरळ जात असेल, तर स्टिअरिंग आणखी फिरवत बसू नका. ॲक्सिलरेटर हळूच सोडा, पकड परत येऊ द्या. शेपटी सुटली असेल, तर जिकडे जायचं आहे तिकडे नजर ठेवा आणि स्टिअरिंगही तिकडेच वळवा.

आपल्या गाड्या तशा ड्रिफ्ट का होत नाहीत?

स्विफ्ट, आय-२०, टियागो, बलेनो यांसारख्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर पुढचीच चाकं फिरतात. हँडब्रेक ओढून शेपटी क्षणभर फिरवता येते, पण ती घसरण ॲक्सिलरेटरने टिकवता येत नाही.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्याही आपल्याकडे आहेत. जुन्या काळातल्या ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि कॉन्टेसा तशाच होत्या. आज बोलेरो, स्कॉर्पिओ आणि थारची टू-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती तशा आहेत. महिंद्राचा कारखाना नाशिकमध्येच असल्याने या गाड्या इथे घराघरात दिसतात. पण त्या उंच आहेत, त्यांचा गुरुत्वमध्य वर आहे. अशी गाडी आडवी घसरताना खड्ड्यात, दगडात किंवा रस्त्याच्या तुटलेल्या कडेला अडकली तर घसरणं थांबतं आणि ती उलटू शकते.

खऱ्या ड्रिफ्ट कारमध्ये काय असतं?

• लॉकिंग किंवा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल: साध्या गाडीत वळणाच्या आतल्या बाजूचं हलकं झालेलं चाक नुसतंच फिरतं. यामुळे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात.

• जास्त वळणारं स्टिअरिंग: साध्या गाडीची पुढची चाकं साधारण ३५ ते ४० अंश वळतात. स्पर्धेच्या ड्रिफ्ट कारमध्ये हा कोन ६० अंशांच्या आसपास नेतात.

• हायड्रॉलिक हँडब्रेक: मागची चाकं एका झटक्यात लॉक करण्यासाठी.

• कॉइलओव्हर सस्पेन्शन: उंची आणि कडकपणा कमी-जास्त करता येतो.

• रोल केज, बकेट सीट, चार-पाच पट्ट्यांचा बेल्ट, हेल्मेट आणि अग्निशामक.

ही यादी नीट पाहिली तर लक्षात येईल की ही गाडी मागची पकड सोडण्यासाठीच बनवलेली आहे. घाटातून घरच्यांना घेऊन जाणाऱ्या गाडीला नेमकं उलटं हवं असतं. दोन्हींसाठी एकच पार्ट चांगला असेल, असं समजू नका.

वणीच्या घाटाचं गणित

समजा घाटातलं एक वळण १५ मीटर त्रिज्येचं आहे. ताशी ३० किलोमीटरने ते घेतलं, तर टायरला गाडीच्या वजनाच्या साधारण ४७ टक्के एवढी आडवी पकड लागते. ताशी ४० ने घेतलं तर ८४ टक्के. वेग फक्त १० ने वाढला, पण पकडीची गरज पावणेदोनपट झाली. चांगला टायर कोरड्या डांबरावर ८० टक्क्यांच्या आसपास पकड देतो. ओल्या रस्त्यावर ती ५० टक्क्यांवर किंवा त्याखालीही येते. म्हणजे पावसाळ्यात ३० चा वेगसुद्धा काठावरच असतो.

उतारावर दुसरा प्रश्न ब्रेकचा. १,५०० किलोची भरलेली गाडी ४०० मीटर खाली उतरते, तेव्हा जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्यात सुमारे १८ लिटर पाण्याला उकळी फुटेल. सगळा भार ब्रेकवर टाकला, तर ही उष्णता पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइलमध्ये जाते. ऑइल उकळलं की पेडल पोकळ होतं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये उतरून इंधन वाचतं हाही गैरसमज आहे. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना इंजिन स्वतःच इंधन बंद करतं.

या घाटात चुकीला जागा किती कमी आहे, हे दोन अपघातांवरून कळतं. जानेवारी २००८ मध्ये गडावरून परतणाऱ्या भाविकांची बस दरीत कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये गणपती टप्प्याजवळ एसटी बस दरीत गेली आणि एका महिलेचा मृत्यू झाला. यात ड्रिफ्टिंगचा काही संबंध नव्हता. पण गाडी रस्ता सोडून गेली तर पुढे काय आहे, ते यातून दिसतं. ट्रॅकवर घसरलेल्या गाडीला मोकळी जागा मिळते. इथे समोरून भरलेली जीप येत असते आणि कडेने भाविक पायी चालत असतात.

मग पार्ट घ्यायचे कोणते? हा क्रम ठेवा

१. टायर. पकड इथूनच येते, म्हणून पहिला पैसा इथे. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: '२३२४' म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर नवा म्हणून घेऊ नका. कायद्याने खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. पावसाळ्यात त्याच्या बऱ्याच आधी बदललेला बरा. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८८ म्हणजे ५६० किलो.

मोठं चाक घालायचं असेल तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर आहे आणि १९५/५५ आर १६ चा ६२०.९. हे जमतं. व्यास फार बदलला तर स्पीडोमीटर खोटं सांगतो आणि टायर मडगार्डला घासतो.

२. ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. नव्या 'डॉट ३' ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, तर 'डॉट ४' चा २३० अंश असतो. हवेतली ओल शोषल्यावर तोच अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत खाली येतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलणं हा घाटवाल्यांसाठी सगळ्यात स्वस्त 'अपग्रेड' आहे. रेसिंगचे पॅड मात्र घेऊ नका. ते गरम झाल्यावरच नीट धरतात, थंड असताना कमी लागतात.

३. शॉक ॲब्सॉर्बर आणि बुश. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत झिजलेले बुश बदलले, तरी गाडी नव्यासारखी वाटते. आधी तेवढं करा, मग कॉइलओव्हरचा विचार करा.

४. व्हील अलाइनमेंट. वरचं काहीही बदललं की हे करायलाच हवं.

५. अलॉय व्हील. दिसण्यासाठी घेणार असाल तरी बोल्टचं माप, मधल्या भोकाचं माप आणि ऑफसेट या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं असं नाही.

खरेदी करताना पार्ट नंबर गाडीच्या मॉडेल आणि वर्षाशी ताडून बघा, पक्कं बिल मागा आणि वेष्टनावरची छापील किंमत पाहा. ब्रेक पॅड किंवा टाय रॉड 'कंपनीसारखाच' म्हणून निम्म्या भावात मिळत असेल, तर तिथे थांबा.

यावर पैसे घालू नका

स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं सगळ्यात धोक्याचं. कापलेली स्प्रिंग जागेवरून सरकू शकते आणि गाडी खड्ड्यात टेकते. चाकं बाहेर दिसावीत म्हणून लावलेले स्वस्त स्पेसर बेअरिंग आणि बोल्टवर भार वाढवतात. साध्या हेडलाइटच्या काचेत बसवलेला झगझगीत बल्ब समोरच्याला आंधळा करतो, आणि घाटात तो तुमच्याच अंगावर येतो. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरने गाडीची पकड काडीइतकीही वाढत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२-ए प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ आहे: पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पुन्हा सापडलात तर शिक्षा वाढते.

विम्याचंही लक्षात ठेवा. नेहमीच्या कार पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी धरलेली नसते. कंपनीला न कळवता केलेले बदलही दाव्याच्या वेळी आडवे येतात.

हौस असेल तर कुठे जायचं?

नाशिकला मोटरस्पोर्टची परंपरा आहे. वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे 'विसा' या इथल्या संस्थेने 'रॅली ऑफ महाराष्ट्र' भरवली आहे आणि ती राष्ट्रीय रॅली स्पर्धेचा भाग होती. रॅलीतल्या गाड्याही मातीच्या रस्त्यावर घसरतच वळतात. पण तो रस्ता इतरांसाठी बंद केलेला असतो, गाडीत रोल केज असतो आणि रुग्णवाहिका उभी असते.

सुरुवात करायला ऑटोक्रॉस सोपा. मोकळ्या मैदानात आखलेल्या वळणांवर एकेक गाडी घड्याळाविरुद्ध धावते. देशातल्या मान्यताप्राप्त स्पर्धांचं नियमन 'एफएमएससीआय' ही संस्था करते, त्यामुळे स्पर्धेत नाव देण्याआधी तिची मान्यता आहे का ते पाहा. चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर रेसिंगचं प्रशिक्षणही मिळतं.

आणि गडावर जाताना? चैत्रोत्सवात आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीला थांबवून एसटीने वर सोडतात. एरवी निघण्यापूर्वी टायरची हवा, ब्रेक ऑइलची पातळी आणि पॅड एवढं बघून घ्या.