वाळल्या गवताची पारख

गवत कापणें सोपें. तें पुरतें वाळलें केव्हां, हें ओळखणें अवघड. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोलुमेल्ला या रोमन ग्रंथकारानें आपल्या कृषिग्रंथांत याविषयीं शेतकऱ्यांस बजावून ठेविलें आहे. गवत फाजील वाळलें, तर त्यांतील रस जाऊन तें पेंढ्यासारखें निःसत्त्व होतें. ओलें रचिलें, तर माळ्यावर कुजतें, तापतें व पुष्कळदां पेटही घेतें. ओल्या गंजीला आग कां लागावी, हें कोडेंच होतें. ही ऊब प्रथम सूक्ष्म जंतूंमुळें उत्पन्न होते, हें ह्यूगो मिहे या जर्मन शास्त्रज्ञानें १९०७ सालीं दाखविलें. आज यंत्रानें गठ्ठे बांधतांना गवतांतील ओल सुमारें २० टक्क्यांहून अधिक नसावी, असें मानितात. कोलुमेल्लाच्या काळीं ओल मोजण्याचें साधन नव्हतें. सारी भिस्त हातावर, नजरेवर. ती पारख चुकली, तर हिवाळ्याच्या वैरणीबरोबर गोठाही गमावण्याची भीति असे.