घाट, खारा वारा आणि रेडिएटरचे पाणी

वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल बेळगावकडे चढवायचा तर आंबोलीचा घाट ओलांडावा लागे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी हा रस्ता बांधला तो बैलगाड्यांच्या वाहतुकीसाठी. समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवरच्या आंबोलीपर्यंत चढताना बैलांना थांबवून दम खाऊ द्यावा लागे, पाणी पाजावे लागे. पुढे त्याच वळणांवर मोटारी आल्या आणि त्यांनाही पाणी पाजण्याची वेळ आली. सिंधुदुर्गातून घाटमाथ्यावर जाणाऱ्या फोंडा, करूळ आणि भुईबावडा या घाटांचीही हीच गोष्ट. मालवण किनाऱ्यावरच्या गाडीवाल्यांचा रेडिएटरशी असलेला संबंध या चढांनी घडवला.

इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता पाण्यावाटे बाहेर काढावी लागते. कार्ल बेंझच्या 1886 च्या मोटारीत यासाठी पाणी चक्क उकळून उडून जाऊ दिले जाई. म्हणूनच 1888 मध्ये बेर्था बेंझ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. विल्हेल्म मायबाखने 1900 च्या अखेरीस तयार झालेल्या मर्सिडीज गाडीत या प्रश्नाचे उत्तर दिले. बारीक चौकोनी 8,070 नळ्यांचा जाळीदार रेडिएटर त्याने पुढे बसवला. थोडेसे पाणी फिरत राहावे आणि वाऱ्याने गार होत राहावे, ही रचना आजही कायम आहे.

कोकणच्या घाटात मात्र नेमका हा वाराच कमी पडे. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढत असते, तेव्हा इंजिनावर सर्वांत जास्त भार असतो आणि समोरून येणारा वारा सर्वांत कमी. त्यात जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब घटतो. आंबोलीच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी 97-98 अंश सेल्सिअसलाच उकळते. त्यामुळे जीप, ॲम्बॅसेडर, पद्मिनी, मालाचे ट्रक, कोणतीही गाडी असो, निम्म्या घाटात ती बाजूला लावून बोनेट उघडलेले दिसणे नेहमीचेच होते.

पाण्याचा डबा सांभाळणे हे क्लीनरचे काम. पावसाळ्यात आंबोलीत जागोजागी धबधबे कोसळतात; पण सुट्टीसाठी चाकरमानी गावाकडे येतात त्या एप्रिल-मे महिन्यांत ओहोळ आटलेले असतात. तेव्हा भरलेला डबा घेऊनच घाट चढावा लागे. अनुभवी ड्रायव्हर गाडी थांबताच झाकण उघडू देत नसे. इंजिन जरा निवू द्यायचे, ओले फडके टाकून झाकण आधी अर्धवट फिरवायचे, वाफ जाऊ द्यायची आणि इंजिन चालू ठेवून पाणी बारीक धारेने सोडायचे. तापलेल्या बिडाच्या ब्लॉकवर गार पाणी एकदम पडले तर त्याला तडा जातो. शाळेत न शिकवलेले हे धातुशास्त्र घाटातल्या माणसांना पक्के ठाऊक होते.

आणखी एक रिवाज होता, तो मात्र महागात पडणारा. गाडी तापते म्हणून मेकॅनिक थर्मोस्टॅट, म्हणजे बोलीतला ‘वॉल’, काढूनच टाकत. मालवणसारख्या उष्ण गावात त्याचे काय काम, असा सरळ हिशेब. पण थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो. तोवर इंधन जास्त जळते आणि सिलिंडरची झीज वाढते.

गाडीत कोणते पाणी घालायचे, हा प्रश्न कोकणात वेगळाच होता. देशावरच्या काळ्या कातळातल्या विहिरींचे पाणी जड. त्याने नळ्यांत क्षारांचे खवले धरतात. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी बहुधा मऊ, त्यामुळे थर कमी. पण ते किंचित आम्लधर्मी असते आणि बिडाला गंज चढवते. रेडिएटर उघडल्यावर निघणारा तांबडा गाळ तो हाच. किनाऱ्याची तर तऱ्हाच निराळी. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीत उन्हाळ्यात विहिरींचे पाणी मचूळ होते. पाण्यातले मीठ गंजण्याचा वेग वाढवते. म्हणजे घरच्या बावीचे स्वच्छ दिसणारे पाणीच इंजिनाला आतून खात असे.

तुंबलेला किंवा गळका रेडिएटर त्या काळी फेकून देत नसत. तो तांब्या-पितळेचा असे. कारागीर तो उतरवून वरची टाकी सुटी करी, नळ्यांतून पातळ सळ्या घालून गाळ काढी, गळकी जागा घासून लखलखीत करी आणि शिसे-कथलाचा डाग देई. घरोघरच्या पितळी भांड्यांना नवसागर आणि कथिलाने कल्हई करणाऱ्यांच्या कामाशी या कारागिरीचे जवळचे नाते आहे. दोन्हीकडे धातू आधी निर्मळ करायचा, मग नेमका तापवायचा. जरा जास्त आच लागली की काम बिघडले. अशा हातांमुळे एकच रेडिएटर कितीदा तरी दुरुस्त होऊन वर्षानुवर्षे चाले.

1970 च्या दशकात युरोपातल्या गाड्यांत ॲल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लास्टिक टाक्यांचे रेडिएटर आले. ते हलके आणि स्वस्त. पुढे भारतातही त्यांचा प्रसार झाला. प्लास्टिकच्या टाकीला डाग देता येत नाही. तडकली की अख्खा रेडिएटर बदलायचा. त्यामुळे डाग देण्याच्या कारागिरीची गरज लहान गाड्यांपुरती ओसरत गेली.

दुसरा बदल पाण्यातच झाला. इथिलीन ग्लायकॉलचे मिश्रण थंड देशांत ‘अँटिफ्रीझ’ म्हणून रुळले. पाणी गोठू नये म्हणून. मालवणात कधीच बर्फ पडत नाही, तेव्हा ते आपल्याला कशाला, असे इथल्या गाडीवाल्यांना वाटणे साहजिक होते. पण निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी यांचा उत्कलनबिंदूही सुमारे 107 अंशांवर जातो, आणि दाब धरून ठेवणाऱ्या झाकणामुळे तो 120 च्याही पुढे सरकतो. शिवाय त्यातली गंजरोधक रसायने बीड आणि ॲल्युमिनियम दोन्ही जपतात. घाट आणि खारे पाणी असलेल्या मुलखाला हे दोन गुण गोठण्यापासूनच्या बचावाहून कितीतरी मोलाचे आहेत.

आता रेडिएटर बदलण्याचे काम घरच्या खळ्यातही करता येते. गाडी पूर्ण निवल्यावर झाकण काढायचे, खालचा नळ किंवा होज सोडून जुने कूलंट बादलीत घ्यायचे, पंखा आणि होज सोडवून रेडिएटर उचलायचा. नवा बसवण्याआधी इंजिनातून स्वच्छ पाणी तांबडेपणा जाईपर्यंत खेळवायचे. फुगलेले, तडकलेले होज आणि गंजलेल्या क्लिपा त्याच वेळी बदलायच्या. मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरबरोबर भरायचे आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून अडकलेली हवा काढायची. समुद्राजवळच्या गाडीत खारा वारा बाहेरूनही काम करत असतो. रेडिएटरच्या जाळीतल्या पांढरी भुकटी धरलेल्या पत्र्या बोटाने चुरतात, आणि गळती नसतानाही गाडी तापू लागते. म्हणून जाळी अधूनमधून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी लागते.

बादलीत साठलेल्या कूलंटची काळजीही तितकीच घ्यावी लागते. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर पण जहाल विषारी असते; कुत्र्या-मांजरांचा त्याच्या थोड्याशा प्रमाणानेही जीव जातो. ते परसात ओतता येत नाही, कारण सच्छिद्र जांभ्यातून आणि किनाऱ्यावरच्या वाळूतून ते झिरपत बावीपर्यंत पोहोचू शकते. घट्ट बुचाच्या कॅनमध्ये भरून, नाव लिहून, ते वापरलेले कूलंट स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यायचे असते.