झोळी कशाला बांधायची?

शीर्षकातल्या 'कशाला'चे दोन अर्थ होतात: 'का' आणि 'कोणत्या आधाराला'. आज आपण दुसरा अर्थ घेऊ. संशोधनाचा विषय शोधताना आपली नजर लांब जाते, आणि घरातल्या छताकडे बघायचं राहून जातं. मुलांच्या खोलीत टांगायचे हॅमॉक आता ऑनलाइन सहज मिळतात. टांगून झोपणं आपल्याकडे मुळीच नवीन नाही. पण त्याचा इतिहास लिहायचा म्हटलं तर पुरावा कुठून आणाल?

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात इरंदती ही नागराजकन्या झोक्यावर बसलेली दिसते. राजकन्येच्या झोक्याला भिंत मिळाली, रंग मिळाला. झोळीचं नशीब वेगळं. झोळी म्हणजे जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं. मूल मोठं झालं की गाठ सोडायची. मग त्या लुगड्याची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं आणि शेवटी हातात काहीच उरत नाही. म्हणजे वस्तू शोधत बसलात तर तुमचा इतिहास रिकामा राहणार. मग शोधायचं काय? तर ती वस्तू ज्याला बांधली होती तो आधार. कापड विरतं, पण छतातली लोखंडी कडी टिकते.

जुन्या कौलारू घरात किंवा वाड्यात लाकडी तुळया उघड्या असायच्या. ओटीवर चार कड्यांचा झोपाळा, माजघरात पाळणा, आणि गरज पडेल तिथे तुळईवरून लुगडं टाकून झोळी. विदर्भातली बंगईही याच कुटुंबातली. या सगळ्यांत भार जवळजवळ सरळ खाली येतो आणि तुळई तो पेलते. घर बांधतानाच टांगायची सोय झालेली असायची.

आता डोंबिवलीत या. रेल्वे १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणपर्यंत पोचली. पुढे लोकलच्या भरवशावर इथे चाळी आल्या, मग सिमेंटच्या इमारती आल्या. स्लॅब आला आणि तुळई गेली. खोलीच्या छताला हुक राहिला तो बहुधा एकच, मधोमध, आणि त्यावर हक्क पंख्याचा. भाड्याच्या घरात छताला भोक पाडायचं तर आधी मालकाला विचारायचं. अशा घरात लोखंडी स्टँड आणि स्प्रिंगची झोळी सोयीची ठरते, कारण तिला छत लागतच नाही. बदल छोटा वाटतो, पण बघा: टांगलेलं अंथरूण आधी घराचा भाग होतं, आता ते फर्निचर झालं.

हे अटळ होतं का? इथे तुलना उपयोगी पडते. 'हॅमॉक' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. कोलंबसाने १४९२ मध्ये त्यांची ही टांगती अंथरुणं पाहिली आणि तिथून ती युरोपी जहाजांवर गेली. मेक्सिकोच्या युकातान भागात आजही मुलं आणि मोठी माणसं हॅमॉकमध्ये झोपतात, आणि तिथल्या सिमेंटच्या घरांतही झोपायच्या खोलीच्या भिंतीत त्यासाठी हुक बसवतात. म्हणजे दोष सिमेंटचा नाही. घर बांधताना कुणाची झोप डोळ्यांसमोर होती, हा खरा प्रश्न.

आता थोडं गणित, कारण आधार बदलला की बलही बदलतं. झोळी खाली ओढते, पण दोन भिंतींमधला हॅमॉक आडवा ओढतो. ३० किलोचं मूल आहे आणि दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते असं धरा: प्रत्येक टोकाला ३० किलोचा ताण. दोरी घट्ट ओढून कोन १० अंशांवर आणलात तर तोच ताण साधारण ८६ किलो! मूल उडी मारून बसलं तर त्याहूनही जास्त. चार इंची भिंत यासाठी बांधलेली नसते.

झोक्याच्या लयीचंही तसंच. २०११ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी १२ प्रौढ पुरुषांना ४५ मिनिटांच्या डुलकीत हलत्या पलंगावर झोपवलं. चार सेकंदांना एक झोका. झोप लवकर लागली आणि जास्त गाढ झाली. यावर "आजीला हे आधीच माहीत होतं" असं लिहायचा मोह होतो. थांबा. तो अभ्यास प्रौढांचा होता, बाळांचा नाही. शिवाय नुसत्या टांगलेल्या झोक्याला चार सेकंदांची लय हवी तर दोरी चार मीटर लांब लागते. दोन मीटरच्या दोरीला एक झोका २.८ सेकंदांचा. निष्कर्ष एका घरातून दुसऱ्या घरात नेताना आधी मोजमाप करा.

आणखी एक सावधगिरी, आणि ही फक्त संशोधनापुरती नाही. रात्र सुखाची गेली तर तिची नोंद कुठेच होत नाही, अपघात झाला तर होते. साडीच्या झोळीत खेळताना पीळ पडून गळफास बसल्याची प्रकरणं न्यायवैद्यक नियतकालिकांत आलेली आहेत. नोंदी एकतर्फी आहेत म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. बाळाची मान पुढे झुकली तर श्वास अडू शकतो. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना सपाट, घट्ट गादीवर, पाठीवरच ठेवायचं हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. परंपरेबद्दल प्रेमाने लिहा, पण हे वाक्य गाळू नका.

आता तुमच्यासाठी काम. डोंबिवलीतल्या जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. तुमच्या ओळखीच्या एखाद्या जुन्या घरात परवानगी घेऊन जा. छतात कड्या आहेत का, किती, कोणत्या खोलीत, जमिनीपासून किती उंचीवर, दोन कड्यांत अंतर किती, हे टेपने मोजा आणि फोटो घ्या. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना विचारा, इथे कोण कोण झोपलं? त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहून ठेवा. इमारत पडली की कडी भंगारात जाते.