मुंबई बेटाचे भूस्तर आणि प्रदीर्घ काळाचे अध्ययन

मुंबईच्या भूस्तरांचा अभ्यास विद्यापीठाहून जुना आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, डॉ. हेन्री जॉन कार्टर या शल्यवैद्याचा मुंबई बेटाच्या भूरचनेवरील निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १८५२ मध्येच प्रसिद्ध झाला होता. पश्चिमेकडील मलबार हिल ते वरळी ही बेसाल्टची रांग, पूर्वेस शिवडीकडील टेकड्या आणि मधली सखल भूमी अशी या बेटाची ठेवण आहे. गिरगाव या पश्चिमेच्या रांगेच्या पायथ्याशी वसले. परळ, लालबाग व दादर यांच्या दाट वस्तीखाली तर मूळची जमीन आज क्वचितच दिसते.

कार्टरच्या विवेचनाचे मर्म वरळीच्या टेकडीत होते. तेथे बेसाल्टच्या खाली गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाचे पातळ थर आढळले व त्यांत लहान बेडकांचे अश्मीभूत सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये लंडनमध्ये त्यांचे वर्णन केले. पुढे या बेडकांस इंडोबॅट्रॅकस हे नाव मिळाले. याच थरांतील कासवाचे नामकरण कार्टरने आपले सहकारी डॉ. लीथ यांच्या नावावरून केले. आधी लाव्हारस वाहिला. तो थंडावल्यावर पाणी साचले. बेडकांच्या पिढ्या नांदतील इतका काळ ते टिकले. मग पुन्हा लाव्हा आला. हा क्रम खडकावरून वाचता येत होता. किती वर्षे लोटली, हे मात्र कार्टरला सांगता येणे शक्यच नव्हते, कारण खडकांचे वय मोजण्याचे साधन विसाव्या शतकापूर्वी उपलब्ध नव्हते.

येथे मुंबईच्या विद्यार्थ्याची स्थिती युरोपातील विद्यार्थ्याहून वेगळी होती, हे लक्षात घेतले पाहिजे. तिकडे सहा हजार वर्षांच्या बायबली कालगणनेशी भूस्तरशास्त्राला झगडावे लागले. गिरगावातील वैदिक घराण्यातला मुलगा संध्येच्या संकल्पात कल्प आणि मन्वंतर यांचा उच्चार नित्य करीत असे. पुराणांच्या हिशेबाने एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचे आज मानले जाणारे सुमारे ४५४ कोटी वर्षांचे वय या आकड्याच्या जवळपास येते, हे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. तो निव्वळ योगायोग होय. प्रचंड आकड्याचे भय नसणे ही सोय खरी. परंतु तो आकडा आयता मिळालेला होता. भूस्तरशास्त्राचा आरंभ आकड्याने होत नाही. कोणता थर खाली, कोणता वर, कोणता दुसऱ्यास भेदून गेला, या प्रश्नांपासून तो होतो, आणि अध्यापनातील अवघड भाग हाच आहे.

दक्षिण ट्रॅप म्हणजे सर्वत्र एकच काळा फत्तर, ही समजूत या दृष्टीने घातक ठरली. सुखेश्वाला आणि पोल्डरव्हार्ट यांच्या १९५८ च्या निबंधाने मुंबई परिसरातील बेसाल्टी खडकांचा तपशीलवार विचार केला. अलीकडच्या आर्गॉन-पद्धतीच्या मोजमापांवरून मुंबई परिसरातील ऱ्हायोलाइटी खडक सुमारे ६.२ ते ६.३ कोटी वर्षांचे ठरतात, तर सह्याद्रीतील लाव्हाथरांचा मोठा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. त्यामुळे वरळीचे बेडूक डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच्या काळातील मानले जातात. कार्टरने लावलेला क्रम या आकड्यांनी मोडला नाही. त्यास जागा मिळाली.

हे ज्ञान बहुतांशी बांधकामाच्या कुदळीने उघडे केले, ही गोष्ट विसरता येत नाही. १८७८ च्या सुमारास प्रिन्सेस डॉक खोदताना भरतीरेषेच्या बऱ्याच खाली, चिखलात मुळांवर उभे असलेले अनेक वृक्षांचे बुंधे निघाले आणि जमीन खचल्याचा पुरावा हाती आला. परंतु गोदी पूर्ण होताच ती जागा पाण्याखाली गेली. वरळीचे थरही आता इमारतींखाली गेले आहेत. त्यामुळे परळ-दादरच्या विद्यार्थ्यास आपल्याच बेटाचा इतिहास कार्टरच्या पानांतून आणि संग्रहालयांतील नमुन्यांवरून शिकावा लागतो, आणि क्रम स्वतः पडताळून पाहावयाचा असेल तर सह्याद्रीचा एखादा घाट गाठावा लागतो.