प्रथिने व जीवोत्पत्ती : संभाव्यतेचे युक्तिवाद

एखादे प्रथिन निव्वळ योगायोगाने जुळून येण्याची शक्यता मोजून त्यावरून जीवसृष्टीच्या उगमाविषयी निष्कर्ष काढणारे युक्तिवाद. प्रथिन ही ॲमिनो अम्लांची साखळी. सजीवांत ही अम्ले प्रामुख्याने २० प्रकारची असल्याने १०० कड्यांच्या साखळीचे संभाव्य क्रम १ वर १३० शून्ये इतके भरतात.

या विचाराची सर्वांत गाजलेली मांडणी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल व चंद्रा विक्रमसिंघे यांनी १९८१ साली ‘इव्होल्यूशन फ्रॉम स्पेस’ या ग्रंथात केली. एंझाइमाच्या, म्हणजे उत्प्रेरक प्रथिनाच्या, क्रियेला आवश्यक अशा मोजक्याच जागा अचूक हव्यात, इतकी सूट त्यांनी दिली होती. तरीही एका एंझाइमासाठी त्यांनी १ वर २० शून्यांतून एक अशी शक्यता धरली आणि २००० एंझाइमांसाठी तिचा २००० वा घात घेतला. उत्तर आले १ वर ४०,००० शून्यांतून एक! पृथ्वीवर जीव आपोआप घडणे अशक्य, तो अंतराळातून आला, असे त्यांचे म्हणणे.

गुणाकार बिनचूक आहे; दोष आहे तो गृहीतात. २००० एंझाइमे एकदम, एकमेकांपासून स्वतंत्रपणे जुळली पाहिजेत असे निसर्गाने कुठेच बंधन घातलेले नाही. अर्धवट उपयोगी रेणू टिकतो, त्याच्या प्रती निघतात, त्यांतून पुढची निवड होते. आरएनएही उत्प्रेरकाचे काम करतो, या शोधाबद्दल सिडनी ऑल्टमन व टॉमस चेक यांना १९८९ चे नोबेल मिळाले. म्हणजे आरंभाला प्रथिनेच हवीत हेही गृहीत डळमळले. २००१ साली ॲन्थनी कीफ व जॅक शोस्टाक यांनी ८० कड्यांची सुमारे ६ लाख कोटी यादृच्छिक प्रथिने तपासली. त्यांत एटीपीला (पेशीतील ऊर्जावाहक रेणूला) धरून ठेवणारी, परस्परांशी नाते नसलेली चार प्रथिनकुले सापडली. कार्यक्षम प्रथिने विरळ आहेत, पण हॉइल यांच्या अंदाजाइतकी नव्हेत.

संभाव्यता कुठे चोख काम करते, हे महाराष्ट्रातल्याच फलज्योतिषाच्या एका चाचणीत दिसते. हॉइल यांचे केंब्रिजमधील शिष्य, कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर व इतर सहकाऱ्यांसह २०० कुंडल्या जमवल्या : निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांनी सरासरी ४६ टक्के कुंडल्या ओळखल्या. तिथे पर्याय दोनच आणि नुसत्या अंदाजाची शक्यता निम्मी हे आधीच पक्के होते. जीवोत्पत्तीत पर्याय किती आणि टप्पे कोणते, हेच अजून शोधायचे आहे. ते न कळता काढलेली शक्यता म्हणजे आपल्या अज्ञानाचेच मोजमाप.

अंतराळातून जीव आला असला, तरी तो मुळात घडला कसा हा प्रश्न सुटत नाही, फक्त दुसरीकडे जातो. पण तो येऊ शकतो का, हे तपासता येते, आणि नारळीकरांनी तेच केले, ही या वादातली सर्वांत मोलाची गोष्ट. इस्रोच्या साहाय्याने २००१ व २००५ मध्ये हैदराबादहून बलून सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा झाले. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात (सीसीएमबी) आणि पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात २००५ च्या नमुन्यांची स्वतंत्र तपासणी झाली. २००९ मध्ये जीवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. एकीला हॉइल यांच्या सन्मानार्थ ‘जॅनिबॅक्टर हॉयली’ हे नाव मिळाले. या जाती पृथ्वीबाहेरच्या असल्याचे सिद्ध झालेले नाही. त्यांतील ‘बॅसिलस आर्यभट्टाय’ पुढे सोयाबीनच्या मुळांलगतच्या मातीतही आढळला.